होडी नसलेली स्लाइड

दादाच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला, त्या मंगळवारी घरातली माणसं महिन्याभरानंतर पोटभर जेवली. धाकटी मात्र ताटातलं अन्न चिवडत बसली होती.

रिपोर्ट चांगला नव्हता, पण वाईटातला बरा होता. रक्ताचा कॅन्सर होता, गाठींमध्ये घर करणारा, पण संथ जातीचा. अशा रोगाला लगेच औषध देत नाहीत. सहा महिन्यांनी तपासायचं, वाढतोय का बघायचं, बस. काही लोक असेच दहा-पंधरा वर्षं काढतात. दादानं आयुष्यभर फ्रिज दुरुस्त केले होते, त्यामुळे त्याला हे चटकन पटलं. तो म्हणाला, जुना फ्रिज आवाज करतो म्हणून कुणी लगेच उघडत नाही, गार करतोय तोवर चालू द्यायचा. वहिनी कित्येक दिवसांनी हसली. पुढच्या आठवड्यानंतरच्या गुरुवारी रक्ताच्या डॉक्टरांकडे फाइल घेऊन जायचं होतं. तिथं शिक्का बसला की सहा महिने दवाखान्याचं तोंड बघायला नको.

धाकटी एक्कावन्न वर्षांची होती, तरी घरात ती धाकटीच होती. ती ज्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करत होती तिथं तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे फौजदार. हे नाव तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. तराजूनं वजन दाखवलं की ती आधी तराजू तपासायची. कुणी रजेच्या अर्जावर ताप लिहिला की किती, असं विचारायची. दादाचा रिपोर्ट तिच्याच प्रयोगशाळेतून आला होता, आणि तिला तो पटला नव्हता.

का पटला नव्हता हे सांगायचं तर तिथलं काम थोडं समजून घ्यावं लागेल. गाठीचा तुकडा मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, त्याचे केसाहून पातळ काप काढतात आणि काचेच्या स्लाइडवर घेतात. दादाच्या गाठीतल्या पेशी लहान, गोल आणि एकसारख्या होत्या. अशा पेशी दोन रोगांत सापडतात. एक संथ. दुसरा दिसायला त्याचा जुळा भाऊ, पण वागायला उलटा. तो थांबत नाही, त्याला महिन्याभरात औषध सुरू करावं लागतं. नुसत्या डोळ्यांनी दोघांत फरक करणं कठीण. म्हणून पेशीतली प्रथिनं शोधायची. प्रत्येक प्रथिनाला चिकटणारं एकेक प्रतिपिंड असतं. ते कापावर सोडायचं. प्रथिन असेल तर ते चिकटतं आणि तिथं तपकिरी रंग उमटतो. नसेल तर काहीच नाही. प्रयोगशाळेत या प्रथिनांना नंबरांनी ओळखत. वीस नंबर आणि पाच नंबर दोन्ही रोगांत तपकिरी येतात, त्यातून निकाल लागत नाही. निकाल लावतं सायक्लिन नावाचं प्रथिन. पेशीच्या केंद्रात सायक्लिन तपकिरी आलं तर दुसरा रोग, नाही आलं तर पहिला. बाकीच्या एक-दोन खुणा दादाच्या बाबतीत धड इकडच्या नव्हत्या, धड तिकडच्या नव्हत्या. रक्तात फारसं काही उतरलेलं नव्हतं. सगळा भार एकट्या सायक्लिनवर होता, आणि ती स्लाइड कोरी होती.

घरच्या माणसाच्या नमुन्याला हात लावायचा नाही, असा प्रयोगशाळेचा नियम होता. म्हणून दादाचं सगळं काम रंगाचं मशीन चालवणाऱ्या सहकाऱ्यानं, मशीनवाल्यानं, केलं होतं. रिपोर्ट प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी लिहिला होता. स्लाइड बघायला नियमाची आडकाठी नव्हती, निदान तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. बुधवारी डॉक्टरबाई जेवायला गेल्या तेव्हा धाकटीनं दादाचा ट्रे काढला आणि त्यातल्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या.

दोन गोष्टी तिला खटकल्या.

पहिली म्हणजे साध्या रंगाच्या स्लाइडवर पेशींची केंद्रं फिकी होती. ती गडद जांभळी हवीत. ही धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी दिसत होती. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. सायक्लिनच्या स्लाइडवर होडी नव्हती.

होडी म्हणजे कंट्रोल. प्रतिपिंडानं काम केलं की नाही हे कळावं म्हणून प्रत्येक स्लाइडच्या वरच्या टोकाला एक ओळखीचा तुकडा ठेवतात, ज्यात तपकिरी रंग यायलाच हवा. इथं सात वर्षं एकाच माणसाच्या टॉन्सिलचा ब्लॉक वापरात होता. त्याचा काप लांबट, खाली फुगीर आणि वर शीड मोडल्यासारखा दिसे, म्हणून होडी. तो माणूस कोण हे कुणालाच माहीत नव्हतं, पण त्याचं टॉन्सिल सगळ्यांच्या तोंडपाठ होतं. होडी बघितल्याशिवाय धाकटी कुठल्याच स्लाइडवर विश्वास ठेवत नसे. दादाच्या स्लाइडवर होडीच्या जागी बटणासारखा गोल तुकडा होता. तपकिरी होता, पण परका.

म्हणजे ही स्लाइड आमच्याकडची नाहीच, असं तिच्या मनात आलं. किंवा त्या दिवशी मशीन बिघडलं आणि त्यानं कुणाच्या तरी जुन्या कोऱ्या स्लाइडवर दादाची चिठ्ठी चिकटवली.

मशीनवाल्याबद्दल तिचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी रंग चढवण्याचं मशीन आलं आणि त्याच्याबरोबर तो आला. चाळिशीचा, शांत, मान खाली घालून काम करणारा. त्याआधी एकोणीस वर्षं हे काम धाकटी हातानं करत होती, थेंब मोजून, घड्याळ लावून. आता मशीन थेंब टाकायचं आणि तो खुर्चीवर बसून पडद्याकडे बघायचा. बाकी सगळ्यांना ती अरे-तुरे करायची. त्याला मात्र अहो-जाहो, आणि त्यात आदर औषधालाही नव्हता. त्यालाही ते कळत होतं.

त्या बुधवारपासून तिनं त्याच्यावर पाळत ठेवली. सकाळी तो यायच्या आधी येऊन त्याच्या टेबलावरची चिठ्ठ्यांची गुंडाळी बघितली. सायक्लिनची बाटली फ्रिजमधून काढून उजेडात धरली आणि उरलेलं औषध डोळ्यांनी मापलं. तो फोनवर हळू बोलला की ती रद्दीचा डबा आवरायला त्याच बाजूला जायची. दादाच्या सगळ्या स्लाइड तिनं एकमेकींवर ठेवून बघितल्या. गाठीचा काप अर्ध्या चंद्रासारखा होता आणि त्याच्या कडेला एक खाच होती. वीस नंबरवर तीच खाच, पाच नंबरवर तीच, सायक्लिनवरही तीच. म्हणजे स्लाइड दादाचीच होती, बदललेली नव्हती. या शोधानं तिला बरं वाटायला हवं होतं. पण चोर हुशार आहे एवढाच त्याचा अर्थ तिनं काढला.

आठवडा असा गेला. मग सोमवारी तिनं त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, की होडी कुठं गेली.

तो म्हणाला, संपली. ब्लॉक शेवटच्या कापापर्यंत आला होता, नवा टॉन्सिल बारा तारखेपासून लावलाय, फळ्यावर चिठ्ठी आहे. चिठ्ठी खरंच होती. धाकटी त्या फळ्यासमोरून रोज चार वेळा जायची, पण त्याच्या अक्षरातलं काही वाचायचं नाही असा तिचा शिरस्ता होता.

तिनं दुसरा प्रश्न टाकला. औषधाचा थेंब वर कंट्रोलवर पडतो. तो खाली पेशंटच्या तुकड्यापर्यंत पोचतो हे कशावरून? मशीन काय डोळ्यांनी बघतं का?

त्यानं मशीनमधून त्या दिवसाचा छापील कागद काढला, कुठल्या स्लाइडवर किती वाजता काय पडलं ते बोटानं दाखवलं आणि कागद तिच्यापुढे ठेवला. मग खुर्ची वळवून म्हणाला, "ताई, दोन आठवडे होत आले, तुम्ही माझ्या मागे आहात. बाटलीवर तुमच्या हातमोज्याची पावडर होती. काय शोधताय ते सांगा, मी काढून देतो."

"मी कशाला मागे लागू तुमच्या?"

"दादांची स्लाइड परत लावू? तुमच्यासमोर लावतो. तुम्ही उभ्या राहा, हवं तर माझे खिसे तपासा."

खिशाचं बोलणं झोंबलं, पण ती उभी राहिली. ब्लॉकमधून नवा काप घेतला, त्यावर तिच्यादेखत चिठ्ठी लावली, मशीनचं दार बंद झालं आणि ती तीन तास समोरच्या स्टुलावर बसून राहिली. चहासुद्धा तिथंच मागवला. दार उघडलं तेव्हा नव्या टॉन्सिलची कड तपकिरी झाली होती आणि दादाचा अर्धा चंद्र कोरा होता. पहिल्यासारखाच.

"झालं समाधान?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात, आणि तेच तिला जास्त लागलं.

मंगळवारी संध्याकाळी ती दादाकडे गेली. दादाचं घर तिच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे होतं. मागच्या बाजूला पत्र्याची खोली होती, तिथं तो अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फ्रिज बघायचा. वहिनी गुरुवारची फाइल लावत होती. धाकटी म्हणाली, डॉक्टरांना म्हणावं, घाई नको, एकदा दुसरीकडून बघून घेऊ. का, असं वहिनीनं विचारलं. धाकटीकडे कारण नव्हतं. केंद्रं फिकी आहेत आणि मला आवडत नाही, हे काही कारण नव्हे. परत लावलं तरी तेच आलं, हेही तिला सांगावं लागलं.

वहिनीनं फाइल बंद केली. "तुमच्या भावाला थोडं बरं आहे, हे तुम्हाला बघवत नाही का हो?"

 वहिनी लग्नानंतरच्या तीस वर्षांत तिला इतकं कडू कधी बोलली नव्हती. धाकटी उठून मागच्या खोलीत गेली.

दादा एका फ्रिजच्या पाठीमागं उकिडवा बसला होता. मानेवर टाके काढल्याची खूण होती. हातात साबणाच्या पाण्याचा मग आणि ब्रश. नळीतून गॅस कुठं गळतो ते बघायला तो जोडांवर फेस लावत होता. गळती असली की तिथं बुडबुडा येतो.

"बायकोनं उडवलं वाटतं," तो म्हणाला. "बस. काय खुपतंय ते मला सांग. तुझं डोकं मला माहीत आहे, उगाच भुंकत नाही ते."

तिनं सांगितलं. वरचा तुकडा तपकिरी येतो, म्हणजे औषध चांगलं आहे. तुझा तुकडा कोरा येतो, म्हणजे ते प्रथिन नाही. दोनदा केलं, समोर बसून केलं. मशीनवाला खोटा नाही. तरी मला पटत नाही.

दादानं ब्रश मगात बुडवला. "हा वरचा तुकडा माझा?"

"नाही. दुसऱ्या कुणाचा तरी. टॉन्सिल आहे."

"मग साबण चांगला आहे एवढं कळलं तुला. माझ्या नळीवर तो धरतो का, ते कुठं कळलं? तेलकट नळीवर कितीही फासलं तरी बुडबुडा येत नाही. आणि लोक म्हणतात, गळती नाही." तो पुढच्या जोडाकडे सरकला. "मी त्याच नळीचा एखादा नट मुद्दाम सैल करतो. तिथं आला बुडबुडा, तर बाकीच्यावर विश्वास. तुझ्याकडे सैल करायला काही असतं का?"

धाकटीला एकदम आठवलं. असतं. प्रत्येक तुकड्यात असतं. सायक्लिन नुसतं रोगाच्या पेशींत नसतं. रक्ताच्या बारीक नळ्यांच्या अस्तराच्या पेशींतही ते थोडं थोडं असतं, आणि रक्ताच्या नळ्या नाहीत अशी गाठ नसते. सगळं ठीक असेल तर पेशंटच्या स्वतःच्या तुकड्यात, त्या अस्तरावर, इथं-तिथं तपकिरी ठिपके दिसायलाच हवेत. हे ती नव्या मुलींना शिकवायची. दोन आठवडे मात्र तिनं फक्त एका माणसाकडे बघितलं होतं, दादाच्या तुकड्याकडे बघितलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी आठ वाजता तिनं दोन्ही सायक्लिन स्लाइड मोठ्या भिंगाखाली घेतल्या आणि रक्ताच्या नळ्या शोधल्या. एक सापडली, दुसरी सापडली, आठ-दहा सापडल्या. एकाही अस्तरावर ठिपका नव्हता. सगळं कोरं. वर टॉन्सिलमधल्या नळ्यांवर मात्र ठिपके होते.

म्हणजे ‘प्रथिन नाही’ असा निकाल नव्हताच. तुकडाच बधिर झाला होता. त्याला विचारलं तरी तो उत्तर देण्याच्या अवस्थेत नव्हता. पेशीच्या कडेवरची प्रथिनं टणक, वीस आणि पाच नंबर तग धरून राहिले. केंद्रातलं सायक्लिन मेलं. आणि असं मारणारी, वर केंद्रांचा जांभळा रंगही विटवणारी, एकच गोष्ट या इमारतीत होती. ॲसिड.

ॲसिड फक्त हाडासाठी असतं. हाडातल्या मगजाच्या, म्हणजे बोन मॅरोच्या, तपासणीसाठी हाडाचा बारीक तुकडा काढतात. तो कडक असतो, कापता येत नाही, म्हणून काही तास ॲसिडमध्ये मऊ करतात. दादाची मगजाची तपासणीही गाठ काढली त्याच दिवशी झाली होती. त्या तुकड्यात रोगाच्या पेशी जेमतेम होत्या, आणि ॲसिड लागलेल्या मगजावर इथं सायक्लिन लावतच नसत. पण गाठीचं ॲसिडशी काय काम? मऊ गाठ ॲसिडमध्ये कोण घालेल? घोटाळा होऊ नये म्हणून तर डब्यांचे रंग ठरलेले होते. तुकडा ज्या चपट्या जाळीच्या डबीत ठेवतात ती हाडासाठी निळी, बाकी सगळ्यांसाठी पांढरी. सकाळी जो पहिला येतो तो निळ्या डब्या उचलतो आणि ॲसिडमध्ये सोडतो. आत काय आहे ते कुणी उघडून बघत नाही. रंग बघायचा, उचलायचं.

इथपर्यंत ती पोचली आणि तिला तो शुक्रवार आठवला.

ज्या शुक्रवारी दादाचे दोन तुकडे, गाठीचा आणि हाडाचा, बाटल्यांतून आले त्या संध्याकाळी साडेपाच वाजले होते. मशीनवाला घरी गेला होता, डॉक्टरबाई निघाल्या होत्या. बाटल्या तशाच राहिल्या असत्या तर शनिवारी दुपारनंतर कुणी हात लावला असता, मग रविवार, म्हणजे सगळं सोमवारवर. तीन दिवस. धाकटीनं आजूबाजूला बघितलं, हातमोजे चढवले, गाठ मधोमध कापली. अर्धी डबीत घातली, अर्धी रिवाजाप्रमाणे बाटलीतच ठेवली. हाडाचा तुकडा दुसऱ्या डबीत. पांढऱ्या डब्यांचं खोकं संपलं होतं आणि नवं खोकं कोठारात, कोठाराची किल्ली डॉक्टरबाईंकडे. तिनं दोन्ही निळ्या घेतल्या. सकाळी लवकर येऊन गाठीची डबी बदलू, असं ठरवलं. घरच्या माणसाच्या नमुन्याला हात लावला म्हणून नोंदवहीतला कापणाऱ्याच्या सहीचा रकाना कोरा सोडला. आणि शनिवारी सकाळी वहिनीचा फोन आला, दादाच्या मानेतून रक्त येतंय, ती तशीच तिकडे पळाली. रक्त चार थेंब होतं. डबी डोक्यातून गेली ती गेलीच.

तिनं ॲसिडची वही काढली. त्या शनिवारी: निळ्या डब्या सहा, सकाळी आठ वीस ते दुपारी अडीच. खाली मशीनवाल्याची सही, स्वच्छ अक्षरात.

आता जे मनात आलं ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. सही त्याची आहे. अर्जावर गाठ असं लिहिलेलं होतं, त्यानं डबी उघडून बघायला हवी होती. डॉक्टरबाईंना एवढंच सांगायचं की तुकडा ॲसिडमध्ये गेलेला दिसतो. वही त्यांनी स्वतः उघडली असती. एक शब्द खोटा बोलायची गरज नव्हती. दुसऱ्या कुणी असा रकाना कोरा सोडला असता, तर धाकटीनं त्याला तासात पकडलं असतं. तिच्यावर शंका घेईल असं इथं कुणी नव्हतं. फौजदारावर पाळत ठेवायची कुणाला सवय नव्हती.

बाहेर चाकांचा आवाज आला. बुधवार होता. रिपोर्ट जाऊन दोन आठवडे झालेल्या बाटल्या बुधवारी फेकायला काढतात. ती जवळजवळ धावतच व्हरांड्यात गेली. ढकलगाडी लिफ्टपाशी उभी होती आणि सफाईवाली बाई बटण दाबून वाट बघत होती. धाकटीनं बाटल्या एकेक करून फिरवल्या. तिसऱ्या ओळीत दादाचं नाव सापडलं. बाटलीच्या तळाशी अर्धा चंद्र पडला होता, करडा, चण्याएवढा, ॲसिड न लागलेला.

"ताई, सही करावी लागेल हं, बाटली परत घेतल्याची," बाई म्हणाली.

"करते."

बाटली घेऊन ती सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. मशीनवाला तिथंच होता, कसलासा कागद दाखवत होता. तो निघायला लागला तेव्हा ती म्हणाली, थांबा, तुम्हीही ऐका. मग तिनं शुक्रवारपासून सगळं सांगितलं. खोकं, किल्ली, दोन निळ्या डब्या, कोरा रकाना.  डॉक्टरबाईंनी ट्रे ओढला, दोन्ही स्लाइड बघितल्या, रक्ताच्या नळ्या बघितल्या आणि बराच वेळ डोळा भिंगावरून काढला नाही.

"हे मला दिसायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. मग चष्मा घालून धाकटीकडे वळल्या. "आणि तुम्ही तर कमालच केलीत. महिनाभर ब्लेडला हात लावायचा नाही. लेखी देते मी."

गुरुवारची भेट त्यांनीच फोन करून सोमवारवर नेली. मशीनवाल्यानं बाटली उजेडात धरून बघितली.

"सहा डब्या होत्या," तो म्हणाला. "अर्जांवर हाडं पाचच होती. मला वाटलं, डॉक्टरबाईंनी एक जास्तीची ठेवली असेल. विचारणार होतो. राहून गेलं." थोडं थांबून त्यानं विचारलं, "वही बघितली होतीत ना आधी? माझी सही होती तिथं."

"होती."

त्यानं चिमटा घेतला, अर्धा चंद्र अलगद बाहेर काढला आणि पांढऱ्या डबीत ठेवला. कापणाऱ्याच्या रकान्यात स्वतःची सही केली. मग ती नोंदवही तिच्यापुढे सरकवली. तिनं जुनं पान काढलं, शुक्रवारच्या कोऱ्या रकान्यात आपली सही केली आणि बाजूला आजची तारीख घातली.

शुक्रवारी दुपारी त्यानं तिला बोलावलं. मशीनचं दार उघडं होतं, स्लाइड भिंगाखाली लावलेली होती. तो खुर्चीवरून उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"तू बघितलीस?" तिनं विचारलं.

"नाही. तुम्ही आधी बघा."

तिनं आधी टॉन्सिल बघितलं. मग रक्ताच्या नळ्या शोधल्या. अस्तरावर ठिपके होते, बारीक, स्पष्ट, हवे तिथं. तुकडा जिवंत होता. मग तिनं स्लाइड थोडी सरकवली. लहान गोल पेशी, एकीला एक लागून, कडेपासून कडेपर्यंत, आणि प्रत्येकीच्या केंद्रात तपकिरी रंग. गडद, शंकेला जागा नसलेला.

बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण चुकत असतो तर बरं झालं असतं. ती उठली. मशीनवाल्यानं भिंगात बघितलं आणि मान हलवली. डॉक्टरबाईंना मी दाखवतो, तो म्हणाला, तुम्ही जा.

दादा मागच्या खोलीतच होता. तोच फ्रिज आता भिंतीला लावून चालू केलेला होता, घुर्र घुर्र करत. वहिनी दारात उभी राहिली. धाकटीचा चेहरा बघून ती आत आली आणि दादाच्या पाठीमागे, त्याच्या खांद्याला धरून थांबली.

धाकटी स्टुलावर बसली. वाटेत तिनं चार-पाच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"त्याच नळीवर लावून बघितलं," ती म्हणाली. "साबण धरला."

"आणि?"

"बुडबुडा आला, दादा. सगळीकडे आला."

दादा काही वेळ फ्रिजचा आवाज ऐकत राहिला. मग त्यानं हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट.

"मग सहा महिने थांबायचं नाही तर."

"नाही. सोमवारी जायचं. लगेच सुरू करतील." तिनं वहिनीकडे बघितलं नाही. "आणि पहिल्या वेळी चुकलं ते माझ्यामुळे. तुझी गाठ मी ॲसिडमध्ये घातली. मशीनवाल्यानं नाही."

 वहिनीचा हात दादाच्या खांद्यावर होता; तो हलला, घट्ट झाला.

"चूक कुणी शोधली?" दादानं विचारलं.

"मी."

"मग हिशोब एकमेकांत वळता," तो म्हणाला. ओठ किंचित वाकडे झाले, हसू त्यापुढे गेलं नाही. त्यानं हात लांबवून फ्रिजचं बटण बंद केलं. खोली एकदम शांत झाली. "धाकटे, सोमवारी तू बरोबर चल. तिथं ते सुई लावतील ना, तेव्हा बाटलीवरचं नाव तू वाचायचंस. दोनदा."

"तीनदा वाचेन," धाकटी म्हणाली.

वहिनी आत गेली आणि फाइल घेऊन आली. तिनं ती धाकटीच्या मांडीवर ठेवली, पहिलं पान उघडलं आणि आधीच्या रिपोर्टवर बोट ठेवलं.

"हा काढायचा की ठेवायचा?" तिनं विचारलं.

"ठेवायचा," धाकटी म्हणाली. "नवा त्याच्यावर लावू."